काढा उकळतो आहे, पण घड्याळही चालू आहे

पावसाळा लागला की सदरच्या मंगळवारी बाजारातून सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध घरी येतात आणि पातेल्यात काढा उकळू लागतो. फ्लू आपल्याकडे वर्षातून दोनदा डोके वर काढतो. पावसाळ्यात एकदा, थंडी सरताना एकदा.

काढ्याने घसा शेकतो, पोटात पाणी जाते, बरे वाटते. त्यात वावगे काही नाही. अडचण आहे ती ‘काढा घेतो, म्हणजे फ्लू होणार नाही’ या समजुतीची. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा लोक रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत होते. विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

वनौषधींचे समर्थक चीनकडे बोट दाखवतात. त्याच साथीत तेथील ११ रुग्णालयांत ४१० रुग्णांवर बारा घटकांच्या पारंपरिक काढ्याची चाचणी झाली. काहीच न घेणाऱ्यांचा ताप उतरायला साधारण २६ तास लागले, ओसेल्टामिविर घेणाऱ्यांना २०, काढा घेणाऱ्यांना १६. आकडे दखल घेण्याजोगे आहेत. पण आजार सौम्य होता आणि कोण काय घेतो हे रुग्णांना ठाऊक होते. शिवाय हा ताप आल्यावरचा उपचार होता, ताप येऊच नये म्हणून नव्हे. आपल्या पातेल्यातला काढा तर वेगळाच.

गंमत म्हणजे ओसेल्टामिविरचे मूळही मसाल्याच्या डब्यात आहे. त्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल बराच काळ चिनी चक्रफुलातून काढले जाई. म्हणून चक्रफुलाचा झणझणीत रस्सा ओरपून फ्लू जात नाही. त्या आम्लावर कारखान्यात अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्या की मगच औषध बनते.

गुळवेलीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. कोरोनाकाळात ती रोज घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. पुढच्याच वर्षी देशातील १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. यकृताचा आजार असलेल्यांनी गुळवेल टाळलेलीच बरी. ज्येष्ठमधही रोज भरपूर घेतले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. बीपीच्या रुग्णाला हे सहसा कोणी सांगत नाही.

खरे नुकसान मात्र वेळेचे होते. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुले, मधुमेह, हृदय वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना ताप-खोकला आला तर ‘दोन दिवस काढा घेऊन पाहू’ हे परवडणारे नाही. त्यांनी दरवर्षी लसही घ्यावी, तीही साथ येण्यापूर्वी, कारण संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आणि धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर दिसले किंवा लहान मूल दूध-पाणी घेईनासे झाले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.