एका कपाटाचे वाचक

गेल्या रविवारी मोशीला भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. जेवणं झाली, मंडळी हॉलमध्ये पंख्याखाली पसरली आणि कसा कोण जाणे, विषय पुस्तकांवर आला. एरवी आमच्याकडे विषय तीनच: जमिनीचे भाव, नाशिक रोडची ट्रॅफिक आणि कुणाचा मुलगा कुठे चिकटला. त्यामुळे मी जरा सरसावून बसलो.

भाचा म्हणाला, "मामा, मी फिक्शन वाचतच नाही. खोट्या माणसांच्या खोट्या भानगडी वाचून करायचं काय? मी फक्त कामाचं वाचतो." मेहुणे म्हणाले, "आपण बुवा ऐतिहासिक कादंबऱ्या. दुसरं काही नाही." ताईने आतून, भांडी आवरता आवरता सांगितलं की ती सामाजिक कादंबरीशिवाय कशाला हात लावत नाही, इतिहास म्हटलं की तिला सनावळ्याच आठवतात आणि डोकं दुखायला लागतं. उरलेल्यांनी एका सुरात "वेळ कुठाय" म्हटलं, आणि गाडी पुन्हा जमिनीच्या भावावर आली.

मी गप्प बसलो. भाच्याच्या घरचं शुभकार्य, त्यात वाद कशाला. पण घरी येऊन चडफडत राहिलो, म्हणून हे लिहितोय. भाचा हे वाचणार, ताईही वाचणार. वाचोत.

एक आधीच सांगतो. न वाचणाऱ्यांशी माझं भांडण नाही. बारा तास लाइनवर उभं राहून खोलीवर आलेला, सकाळी पुन्हा बस पकडायची आहे असा पोरगा पुस्तक उघडत नसेल तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? माझं भांडण आहे ते एकाच कपाटातलं वाचायचं आणि वर छाती काढून सांगायचं, याच्याशी. "मी फक्त अमुकच वाचतो" या वाक्यातला तो "फक्त" आहे ना, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. माझ्या मते त्याची लाज वाटायला हवी.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे पार्टला भोक पडलं की पहिल्यांदा प्लग गेज घालून बघतात. "गो" बाजू आत गेली, "नो-गो" नाही गेली, की पार्ट पास. झटपट काम, शिकाऊ पोरगाही करतो. पण भोक जर अंडाकृती झालं असेल तर प्लग गेज गप्प बसतं. तिथे डायलचं बोअर गेज घालून फिरवावं लागतं, मग काटा हलतो आणि भानगड कळते. प्लग गेज खोटं बोललं नव्हतं. त्याला जेवढं विचारलं तेवढं त्याने सांगितलं. दोष आमचा, की आम्ही त्या एकावर सही करून माल पाठवला. पुस्तकांचं अगदी असंच आहे.

आता मेहुण्यांपासून सुरुवात करू. (रागावू नका भाऊजी.) तुमच्या शोकेसमध्ये रणजित देसाईंची "श्रीमान योगी" आहे, १९६८ सालची कादंबरी, तुमच्याकडची प्रत वाचून वाचून खिळखिळी झालेली. मी ती चाळली आहे. कादंबरीची पानं मऊ पडलीत आणि सुरुवातीची नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना मात्र कोरी करकरीत! अहो, ती प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. शिवाजी महाराजांचं मोठेपण लढायांच्या पलीकडे कशात शोधायचं, कुठल्या साधनावर किती विश्वास टाकायचा, याची चर्चा त्यात आहे. म्हणजे दुसरं गेज त्याच बांधणीत शिवून दिलंय, तरी तुम्ही ते उलटून पुढे गेलात.

तुम्ही रोज चाकणवरून जाता. संग्रामदुर्गाच्या तटाचे जे अवशेष उरलेत ते बघायला एकदा तरी उतरलात? १६६० साली शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठे किल्ला पडला. कादंबरी वाचली की ऊर भरून येतो, तो यायलाच हवा. पण एवढ्या फौजेला एका लहानशा कोटापुढे दोन महिने का लागले, आत दाणापाणी किती असेल, हा किल्ला पडल्यावर महाराजांनी पुढचं धोरण काय ठेवलं, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. ते न विचारता नुसता ऊर भरून घेतला की उरते ती मोटारीच्या मागच्या काचेवरची अक्षरं. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही पाठवलं तरी आपण पुढे ढकलतो, कारण तपासायला हातात दुसरं काही नसतं.

आता भाचेबुवा. तुला कामाचं हवं ना? मग तू वाचतोस ते काय आहे? पहाटे पाचला उठा, ध्येय कागदावर लिहा, नाही म्हणायला शिका... एकच पुस्तक वीस वेगवेगळ्या मुखपृष्ठांत! आणि आता तर त्याचाही पंधरा मिनिटांचा सारांश फोनवर ऐकून "झालं वाचून" म्हणतोस. ज्या मोशीत तू सातव्या मजल्यावर राहायला आलास तिथे तुझ्या लहानपणी शेतं होती. गावातली माणसं एकमेकांशी कशी बांधलेली होती, बलुतं काय होतं, कोण कुणाचं देणं लागत होतं, हे जाणायचं तर त्रिंबक नारायण आत्र्यांचं "गावगाडा" वाच, १९१५ सालचं. त्यात कल्पनेचा एक शब्द नाही. तुझ्याच अटीत बसतं.

आणि सगळ्यांना जमिनीच्या भावावरच बोलायचं असेल तर तेही बोलू. इथून जवळच, मुळशीला, १९२१ साली शेतकऱ्यांनी टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. सेनापती बापट हे नाव त्यातूनच घरोघरी गेलं. राजेंद्र व्होरांनी त्यावर अभ्यास करून पुस्तक लिहिलंय. त्यात एक गोष्ट लख्ख कळते. कसणारे मावळे एकीकडे आणि कागदावर मालक असलेले सावकार दुसरीकडे, दोघांना एकच गोष्ट नको होती. कसणाऱ्याला जमीन हवी होती, मालकाला मोबदला चालणार होता. हे वाचून मग विश्वास पाटलांची "झाडाझडती" घ्या, धरणग्रस्तांवरची. मोबदल्याचा आकडा घरात आल्यावर घरातली माणसं कशी बदलतात ते कुठल्याही अहवालात येत नाही, ते कादंबरीत येतं. आणि एकट्या कादंबरीत सावकार नि कुळाचा हिशोब येत नाही. दोन्ही लागतात हो.

ताई, तुला वाटत असेल मी तुला सोडलं. नाही सोडलं :) पण तुझ्यावर लिहायचं म्हणजे मला स्वतःवरच लिहावं लागेल, कारण मी वर्षानुवर्षं तुझ्याच पंथातला होतो.

कॉलेजात असताना मी हरि नारायण आपट्यांची "पण लक्षात कोण घेतो" वाचली आणि यमूसाठी ढसाढसा रडलो. १८९० पासून ती "करमणूक"मध्ये क्रमशः येत होती. एका मुलीने स्वतःची कहाणी सांगावी तशी ती लिहिली आहे, आणि शेवटाकडे तिचं केशवपन होतं ते वाचताना आजही घसा दाटतो. तेव्हा मला वाटायचं, मी फार संवेदनशील माणूस आहे.

मग २००८ साल. खेड तालुक्यातल्या आमच्या जमिनीचा तुकडा संपादनात जाणार होता. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर वडिलांच्या आणि चुलत्यांच्या बरोबर आत्याचंही नाव लागलेलं. मोबदला येण्याआधी तिच्याकडून हक्कसोड करून घ्यायचं ठरलं. सगळीकडे करतात तसंच. दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर, झाडाखाली, टायपिस्टच्या टेबलाशी आम्ही उभे होतो. आत्याने कागद हातात घेतला, खालीवर बघितला आणि मला म्हणाली, "तू एवढा वाचतोस. यात काय लिहिलंय रे?"

मी म्हणालो, "काही नाही गं आत्या, नेहमीचंच आहे. कर सही." आणि मीच माझं पेन तिला दिलं.

तिला साडी-चोळी झाली, जेवण झालं, संध्याकाळच्या एस.टी.ने ती गेली. यमूसाठी रडलेल्या माणसाच्या मनाला त्या दिवशी काहीही टोचलं नाही. हे मी नीट आठवून लिहितोय. टोचूनही गप्प बसलो असतो तर निदान तेवढं तरी झालं असतं. यमू माझ्या लेखी पुण्यातल्या जुन्या वाड्यातली, आलवणातली, शंभर वर्षांपूर्वीची होती. आत्या नऊवारीत, हातात पिशवी घेऊन समोर उभी होती. दोघींचा काही संबंध असेल हे मला सुचलंच नाही. मला कादंबरी माहीत होती. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिलाय, २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित इस्टेटीत तिला मुलाच्या बरोबरीला आणलंय, हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं, कारण मी "फक्त" कादंबऱ्या वाचायचो ना!

पुढे २०१६ च्या जानेवारीत ८९ वं साहित्य संमेलन पिंपरीत, एच. ए.च्या मैदानावर भरलं. तिथल्या एका स्टॉलवर ताराबाई शिंद्यांचं "स्त्री-पुरुष तुलना" हाताला लागलं. पातळ पुस्तक, बसमध्ये दोन दिवसांत संपलं. बुलढाण्याच्या या बाईने ते १८८२ साली छापलं, म्हणजे यमूच्याही आधी आठ वर्षं. सुरतेच्या एका विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, त्यावरून बायकांना जी नावं ठेवली गेली त्याला दिलेलं हे उत्तर. रडणं नाहीच त्यात, नुसता हिशोब मागणं आहे. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली, पण बाकीच्यांनी ते असं काही विसरून टाकलं की स. गं. मालशांनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

मग तिसरं गेज घातलं, इतिहासाचं. संमतिवयाच्या कायद्यावरचा वाद काढून वाचला. यमूची गोष्ट ज्या पुण्यात छापून येत होती त्याच पुण्यात, १८९१ साली, मुलींचं संमतिवय दहावरून बारा करायचं की नाही यावर रणकंदन चाललं होतं. टिळक विरोधात, परकी सरकारने आमच्या चालीरीतींत कायद्याने पडू नये म्हणून, आगरकर बाजूने. शहाणीसुरती, शिकलीसवरली माणसं होती ती. तेव्हा मला कळलं की यमू ही कुणा दुष्ट सासरची एकटीदुकटी गोष्ट नव्हती. भोवतालच्या भल्या माणसांनी "नेहमीचंच आहे" म्हटल्यामुळे ती तशी घडली होती. आणि माझ्यासमोर ते टायपिस्टचं टेबल आलं.

काटा हलला तो असा. आठ वर्षं उशिरा.

आत्याकडे गेलो. धीर करून सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं होय? पण तूच म्हणालास नेहमीचं आहे. मग मी कुणाला विचारायचं होतं?" आणि चहा टाकायला उठली.

आता कुणी म्हणेल, तिन्ही वाचलं असतंस तरी सही केलीच असती तिने. भावाचं घर तुटायला नको म्हणून बायका करतातच. शक्य आहे. पुस्तकं वाचून जमिनी वाचत नाहीत आणि माणसंही आपोआप सुधारत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण तिने विचारलं तेव्हा खरं उत्तर द्यायची माझी तयारी तरी असती. नुसता कायदा वाचलेल्याला कलम सांगता आलं असतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सुचलं नसतं. नुसती कादंबरी वाचलेला मी, मला तर त्या दिवशी दोन्ही जमलं नाही.

म्हणून सांगतो, तो "फक्त" टाका काढून. कादंबरी वाचली की तिच्या काळाचा इतिहास शोधा. इतिहास वाचला की त्या काळातल्या एखाद्या साध्या बाईने, शेतकऱ्याने काही लिहून ठेवलंय का बघा. वेळ नाही म्हणू नका. चाकणहून चिंचवडला यायला मला रोज तास-दीड तास लागतो, तुम्हालाही लागतो, आणि ट्रॅफिक तुमच्यासाठी काही उद्या सुटत नाही.

भाचेबुवा, "पण लक्षात कोण घेतो" पुढच्या रविवारी घेऊन येतोय. भाऊजी, तुम्ही ती प्रस्तावना वाचून ठेवा, मी विचारणार आहे. ताई, तुला ताराबाई. वाचून झालं की आत्याकडे तूच घेऊन जा. तिला चष्म्याने वाचता येतं अजून.

असो. तूर्तास एवढंच.