पुढचा भाग कधी?

१६ सप्टेंबर १९९६ हा गणेशचतुर्थीचा दिवस. त्या दिवशी 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले. अजय गल्लेवाले यांनी ते अमेरिकेतून सुरू केले, तेव्हा भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले करून जेमतेम वर्ष उलटले होते. पडद्यावर देवनागरी उमटवणे हीच त्या काळी कसरत होती. म्हणून माणसे रोमन अक्षरांत मराठी लिहायची आणि वाचणारा ती मनातल्या मनात लावून घ्यायचा. यंदाच्या गणेशोत्सवात या घटनेला तीस वर्षे पूर्ण होत आहेत. मधल्या काळात 'मनोगत' आले, २००७ साली 'मिसळपाव' आणि 'उपक्रम' आले, नंतर 'ऐसी अक्षरे' आले. अनेक मराठी माणसांना आपल्याला लिहिता येते, हे पहिल्यांदा या ठिकाणी कळले. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाने याची नोंद अजून नीट घेतलेली नाही. ती घ्यायला ही तिशी हे चांगले निमित्त आहे.

'तुमची आवड ओळखा आणि तिचा पाठपुरावा करा' हा सल्ला आज मुलांना शाळेपासून मिळतो. आवड कुठेतरी आत तयार बसलेली असते, डोळे मिटून शोधली की सापडते, असे त्यात गृहीत धरलेले असते. लिहिण्याच्या बाबतीत तरी आमचा अनुभव वेगळा आहे. या संकेतस्थळांवर लेखक व्हायचे ठरवून आलेली माणसे थोडी. कुणी परगावी संसार थाटल्यावर भाकरी का चिरते हे विचारायला आले, कुणी बाल्कनीतल्या मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत हे विचारायला. आधी महिनोन्महिने नुसते वाचत राहायचे, म्हणजे या मंडळींच्या भाषेत 'रोमात' असायचे. मग धीर करून एखादी पाककृती लिहायची. ती लिहिताना आजीचा उल्लेख यायचा, आजीबरोबर तिची चूल, तिचे माजघर, तिचा फटकळपणा यायचा, आणि आठदहा ओळींत संपायची ती कृती दीड पानांची व्हायची. खाली कुणीतरी लिहायचे, 'कृती करून बघेनच, पण आजीबद्दल अजून लिहा ना.' त्या एका वाक्याने लिहिती झालेली माणसे मराठीत पुष्कळ आहेत. गडकिल्ल्यांच्या भटकंतीचे वृत्तांत लिहिता लिहिता कुणी ललित लेखनाकडे वळले, तर गणेशोत्सवात 'मायबोली'वर रंगणाऱ्या 'झब्बू' या खेळात छायाचित्रांखाली दोन ओळी लिहिता लिहिता कुणी कवितेकडे.

या ठिकाणांची स्वतःची बोली तयार झाली आहे, आणि तिचे सगळे वळण माणसाला लिहिते ठेवण्याकडे आहे. 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. 'पुभाप्र' म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. ही वाट पाहणे मराठीला नवे नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यातून क्रमशः छापली, तेव्हा यमूचे पुढे काय होते यासाठी वाचक अंकाची वाट पाहत होते. फरक इतकाच की हरिभाऊंना वाचकाची तगमग कळायला पत्र यावे लागे. आज ती रात्री बाराला भाग टाकला की साडेबाराला कळते. दिवसभर नोकरी करून घरी आल्यावर लिहायला बसणाऱ्याला हा तगादा फार मोलाचा असतो. कुणीतरी थांबले आहे म्हणून दुसरा भाग लिहिला जातो, दुसरा झाला म्हणून तिसरा, आणि दहाव्या भागाशी पोचलेल्या माणसाला आपल्याला हे सोडवत नाही हे उमगलेले असते. आवड सापडते ती अशी, काम हातात असताना.

पण नुसत्या तगाद्याने माणूस लिहिता राहतो, चांगला लिहायला लागत नाही. त्यासाठी आणखी कुणीतरी लागते, आणि आजच्या लेखाचे खरे मानकरी तेच आहेत.

गझलेचे उदाहरण घेऊ. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली, नवोदितांशी पत्रव्यवहार केला, त्यांच्या गझला तपासून दिल्या. त्यांच्या पश्चात हे काम संकेतस्थळांवरच्या कार्यशाळांनी आणि जाणत्या प्रतिसादकांनी पुढे नेले. समजा, एखाद्या नवख्याने भुजंगप्रयातात ओळ बांधली: 'तुझ्या अंगणात दिवे लावताना'. मनाचे श्लोक लहानपणापासून कानावर असल्याने हे वृत्त त्याच्या ओळखीचे आहे, ओळ त्याला गोडही वाटते. खाली पहिला प्रतिसाद येतो: लगागा लगागा असे मोजून पाहा, दुसऱ्या गणात 'गणात' येते, त्यातला शेवटचा 'त' लघु आहे, तिथे गुरू हवा. नवखा 'अंगणाशी' असा बदल करतो. मात्रा जुळतात. तेवढ्यात दुसरा जाणकार विचारतो, 'दिवे अंगणाशी कोण लावते? मात्रेसाठी भाषा मोडू नका.' अखेर 'तुझ्या अंगणी मी दिवे लावताना' अशी ओळ उभी राहते. मग तिसऱ्याची शंका येते: 'तुझ्या'मध्ये पुढे जोडाक्षर आहे, मग 'तु' गुरू का नाही? त्यावर कुणी शांतपणे समजावते की 'सत्य' म्हणताना 'स'वर आघात येतो, 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर येत नाही, म्हणून तो लघुच राहतो. मराठीत कान हा पुरावा. त्याच गझलेत 'वाट', 'लाट' असे काफिये घेऊन पुढच्या शेरात 'नीट' आला असेल तर अलामत, म्हणजे काफियांतला समान स्वर, मोडल्याचेही कुणीतरी दाखवून देते. एका ओळीवर चार अनोळखी माणसांनी आपल्या संध्याकाळी खर्च केल्या. त्यांना याचे मानधन नाही, अंकाच्या श्रेयनामावलीत नाव नाही. त्या नवख्याला मात्र वर्गात बसून मिळाले नसते असे शिक्षण मिळाले, आणि ते वाचणाऱ्या, काहीच न लिहिणाऱ्या इतरांनाही मिळाले.

पूर्वी हे काम कोण करत होते? पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमाबाई रानडे अशी मंडळी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर बोलत. पुढे 'मौज' आणि 'सत्यकथे'च्या कचेरीतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेली पत्रे, कथेतला एखादा परिच्छेद का खटकतो याची चिकित्सा, हे मराठी संपादनाचे वैभव होते. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. नियतकालिके एकामागून एक थकली, दिवाळी अंक टिकले, पण शे-दोनशे लेखांचा गठ्ठा चार महिन्यांत वाचून अंक बाजारात आणणाऱ्या संपादकाला प्रत्येक नवोदिताला सविस्तर लिहिणे शक्य राहिले नाही. ही जागा रिकामी झाली होती. ती विद्यापीठांनी भरली नाही, साहित्य संस्थांनीही फारशी भरली नाही. संकेतस्थळांवरच्या या हौशी, निनावी, टोपणनावाने वावरणाऱ्या वाचकांनी ती आपापल्या परीने भरली. सगळे काही उत्तम झाले असे नाही. कंपूबाजी झाली, वैयक्तिक हिशेब चुकते झाले, चांगला लिहिणारा एखादा दुखावून कायमचा गेला. तरीही एकूण जमाखर्च मांडला तर मराठीचा फायदाच दिसतो.

याच रस्त्याने जगात कुठवर जाता येते, याचे एक उदाहरण ठळक आहे. अँडी वेअर हा अमेरिकेतला संगणक-प्रोग्रॅमर. मंगळावर एकटा मागे राहिलेल्या अंतराळवीराची गोष्ट तो स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून टाकत होता. वाचकांत विज्ञानाचे जाणकार होते; रसायनशास्त्रातल्या चुका त्यांनी दाखवल्या, त्याने त्या सुधारल्या. मग वाचकांच्याच आग्रहावरून त्याने २०११ मध्ये 'द मार्शियन' ई-पुस्तक म्हणून स्वतः प्रसिद्ध केली, २०१४ मध्ये ती मोठ्या प्रकाशनाकडून आली, २०१५ मध्ये चित्रपट झाला. यातले यश बाजूला ठेवले तरी चालेल. फुकट वाचायला मिळत असलेल्या गोष्टीतले रसायनशास्त्र तपासायला बसलेला तो वाचक आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आज काळजी वाटते ती याच वाचकाची. गेल्या दहा-बारा वर्षांत बहुतेक लेखन फेसबुकच्या भिंतीवर आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत गेले. तिथे चार दिवसांपूर्वीचा लेख शोधून सापडत नाही, त्यामुळे त्यावर सावकाश चर्चा होत नाही. अंगठा, बदाम, टाळ्या असे काहीतरी दाबून माणूस पुढे सरकतो. चांगला उतारा लेखकाचे नाव गळून गावभर फिरतो, आणि मूळ लिहिणाऱ्यालाच तो 'वाचा, छान आहे' म्हणून परत येतो. ही चोरी आहे आणि सुशिक्षित घरांतून ती रोज होते. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या मंचाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. एरवी कधी छापून न आलेल्या अनेक गृहिणींना तिथे हक्काचे वाचक लाभले, हे मान्य केलेच पाहिजे. पण वाचनांचा आकडा सतत डोळ्यांसमोर राहिला की कथा आकड्याच्या मागे जाऊ लागते. सासू-सून, श्रीमंत नायक, दर भागाच्या शेवटी धक्का हे चालते म्हटल्यावर तेच लिहिले जाते. आपल्याला काय लिहावेसे वाटत होते, हा मुळातला प्रश्न मागे पडतो. नव्या लेखकांना आम्ही आग्रहाने सांगू की पहिली दोन वर्षे आकडा पाहू नका. तुमचे नीट वाचणारी पाच माणसे शोधा, आणि तुम्हीही त्यांचे तसेच वाचा.

ही ठिकाणे कायमची आहेत असेही धरून चालू नये. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९९९ साली एकवीस जणांनी महिन्याभरात कादंबरी लिहून काढण्याचा उपक्रम केला. त्यातून 'नॅनोरायमो' ही जगभर पसरलेली चळवळ झाली. नोव्हेंबर महिना आणि पन्नास हजार शब्द, एवढाच तिचा नियम. २०२५ मध्ये ती संस्था बंद झाली. आपली मराठी संकेतस्थळे तर मूठभर लोकांच्या खिशातल्या पैशांवर आणि रात्रीच्या जागरणांवर चालत आली आहेत. उद्या एखाद्याने सर्व्हरचे भाडे भरणे थांबवले की तिथली सारी पाने एका दिवसात जातील, आणि त्यांच्याबरोबर गेल्या तीस वर्षांतल्या मराठी माणसाची रोजची भाषा, त्याचे खाणे, वाद, परदेशातले एकटेपण यांचा एवढा मोठा दस्तऐवज जाईल. १९०९ सालचा 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक आपण अभिमानाने सांगतो. मग जालावरच्या दिवाळी अंकांच्या प्रती कुणी जपायच्या? राज्य मराठी विकास संस्था, विद्यापीठांचे मराठी विभाग आणि जुनी ग्रंथालये यांनी मालकांच्या आणि लेखकांच्या संमतीने हे साहित्य जतन करण्याचे काम हाती घ्यावे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात या लेखनावर एखादा परिसंवाद होतो तेवढ्यावर हे भागणारे नाही.

जतनाचे काम संस्थांचे, पण वाचण्याचे काम आपले आहे. लिहिणाऱ्यांची मराठीत आज वाण नाही. फोनवर बोटाने देवनागरी येते, जागा फुकट आहे, संपादकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. तुटवडा आहे तो शेवटपर्यंत वाचून काय जमले आणि काय फसले हे सभ्यपणे सांगणाऱ्यांचा. यंदा गणेशोत्सवात आरत्या, मोदक, देखावे यांतून अर्धा तास काढा. तुम्हाला अजिबात माहीत नसलेल्या कुणाची पहिली किंवा दुसरी कथा उघडा, ती संपेपर्यंत वाचा, आणि खाली चार ओळी लिहा: कोणते वाक्य आवडले, कुठे कंटाळा आला, कोणते पात्र पटले नाही. पटले असेल तर पुढचा भाग कधी, तेही विचारा.