गोळी सोडू नका, बदलून मागा

बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करणारी माणसे सगळीच निष्काळजी नसतात. बऱ्याच जणांना काहीतरी त्रास होत असतो आणि तो डॉक्टरांना सांगायचा राहून जातो. दवाखान्यात गर्दी, डॉक्टर घाईत, त्यात 'एवढ्याशासाठी काय विचारायचे' हा संकोच. मग स्ट्रिप कपाटात पडून राहते आणि पुढच्या भेटीत आपण म्हणतो, "घेतो ना, रोज घेतो." वाढलेला आकडा पाहून डॉक्टर बिचारे डोस वाढवतात. यात चूक कोणाची, हे सांगायला नकोच.

पाय सुजण्याचे घ्या. अम्लोडिपिन ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी. नुसती नसली तरी जोडगोळीत असते. नावापुढे 'एएम' दिसले तर बहुधा तीच. ती बारीक रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे रक्तातले पाणी आसपास झिरपते आणि संध्याकाळी घोटे सुजतात. १० मिलिग्रॅमला हा त्रास ५ मिलिग्रॅमपेक्षा बराच जास्त. शरीरात पाणी वाढलेले नसते, म्हणून लघवीची गोळी घेऊन ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर डोस कमी करून टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी जोडू शकतात किंवा औषधच बदलू शकतात. मात्र सूज एकाच पायाला असेल किंवा सोबत धाप लागत असेल, तर गोळीवर खापर न फोडता लगेच दाखवा.

खोकल्याची गंमत आणखी वेगळी. रामिप्रिल, एनालाप्रिल अशा 'प्रिल'वाल्या गोळ्यांनी काहींना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो. तो कधी गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी येतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध लक्षात येत नाही. घरात खोकल्याच्या बाटल्या साठतात, एक्स-रे निघतो, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, आणि खोकला जागच्या जागी. गोळी बदलली की तो बहुधा काही आठवड्यांत जातो. पण 'प्रिल' घेताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजू लागला तर पुढची गोळी घेऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. अशा वेळी वाट पाहण्यात अर्थ नाही.

याच्या उलट मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल या बीपीच्या गोळ्या. थकवा येतो, नाडी मंदावते म्हणून या गोळ्या एकदम सोडल्या तर छातीत दुखणे उसळू शकते, हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. त्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच हळूहळू उतरवायच्या असतात.

उठताना चक्कर येत असेल तर पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मग उभे राहा. जुलाब-उलट्या सुरू असतील तर लघवीची गोळी (नावापुढचा 'एच' बहुधा तिचाच) त्या दिवशी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. निर्जळी उपास करणार असाल तर तो करण्याआधीच विचारा. आणि गुडघ्यांसाठी मनाने घेतलेली डायक्लोफिनॅक बीपी वाढवते, बीपीच्या काही गोळ्यांच्या जोडीने मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकते. ती घेत असाल तर लपवू नका.

आता कोलेस्टेरॉलच्या गोळीने, म्हणजे स्टॅटिनने, अंग दुखण्याचे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. दुखणे खोटे होते असा याचा अर्थ नव्हे. दुखत होतेच, पण बहुतेक वेळा औषधामुळे नव्हते. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. म्हणून आधी थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि सीपीके (स्नायूंसाठीची रक्ततपासणी) तपासण्याबद्दल विचारा. खरोखर स्टॅटिनच असेल तर कमी डोस, दुसरे स्टॅटिन, एक दिवसाआड गोळी किंवा एझेटिमाइब असे मार्ग आहेत. फक्त स्नायू फार दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पुढच्या भेटीला जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घाला, इतर डॉक्टरांच्या औषधांसकट. कोणती गोळी कधी सुरू झाली, त्रास कधीपासून आहे आणि घरी मोजलेले बीपी किती, हे एका कागदावर लिहा. किती दिवस गोळी घेतली नाही, तेही खरे लिहा. डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका. खुर्चीत बसल्या बसल्या तो कागद त्यांच्या हातात द्या.