मोठा चार्जर, मोठी थाप

मुरुडात पावसाळा तोंडावर आला की इन्व्हर्टरवर प्रवचन झोडणारे एक गृहस्थ हमखास उगवतात. बॅटरी म्हणजे बॅटरी, असा त्यांचा सिद्धान्त. मोठ्या पंपाने टाकी लवकर भरते, तशी मोठ्या चार्जरने बॅटरी! मोबाईल तासाभरात भरतो, मग इन्व्हर्टरलाच रात्र का लागावी? कंपन्यांची लबाडी, दुसरं काय. एवढा निकाल देऊन महाशय चहा मागवतात.

टाकीला पाण्याचं काही करायचं नसतं. इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला करायचं असतं. ती उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. भरताना ते फोडून त्यातलं आम्ल प्लेटांच्या छिद्रांतून पुन्हा पाण्यात यावं लागतं. ट्युब्युलर बॅटरीच्या प्लेटा जाड, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते आणि म्हणूनच रमतगमत भरते. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 15 अँपिअर मानवतात. तिथे 50 घुसवले तर व्होल्टेज बघता बघता 14.4 च्या पुढे जातं आणि जादा करंट बॅटरी भरायची सोडून पाणी फोडत बसतो. टोपण उघडून पाहा: आत बुडबुड्यांची उकळी, फ्लोट लाल खुणेखाली, आणि सुती शर्टावर उडालेल्या थेंबाचं पुढच्या धुण्यात भोक. वर येतो तो हायड्रोजन. होडीच्या बंद केबिनमध्ये हे शहाणपण केलं तर एक ठिणगी पुरते. बरं, चार्जर बेताचा असला तरी ऐंशी टक्क्यांपर्यंतच गाडी सुरळीत चालते; उरलेलं भरायला तासन्‌तास जातात. ते दर वेळी अर्धवट राहिलं की सल्फेट घट्ट होतं आणि बॅटरी कायमची बसते. यात लबाडी कोणाची? रसायनशास्त्राची असावी.

मोबाईलचा दाखला तर गमतीचाच. त्याच्या बॅटरीत मावते जेमतेम 20 वॅट-अवर वीज, इन्व्हर्टरच्या बॅटरीत 1800. मोबाईलमधल्या लिथियमलाही दर वेळी घाई सोसतेच असं नाही. थंडीत जबरदस्ती केली तर आत लिथियम धातूचा थर साचतो. मुरुडला बर्फ पडत नाही, एवढंच आपलं नशीब. निकेलचे पेन्सिल सेल भरत आले की तापतात; चार्जर वेळेवर थांबला नाही तर कामातून जातात.

‘पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा उपदेशही याच पंथाचा. जुन्या निकेल-कॅडमियमच्या जमान्यात त्याला थोडाफार आधार होता, पण शिसं आणि लिथियम दोन्हींना तो बाधतो.  

मग करावं काय? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. जनरेटरचे दोन तास मिळाले तर त्यातच काय ते भरून घ्यायचं, अशा वेळेसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी. 100 अँपिअर-अवरची बॅटरी 50 अँपिअर आरामात घेते आणि दोन-सव्वादोन तासांत भरते. मात्र चार्जर तिच्याच जातीचा हवा. जुन्या इन्व्हर्टरला ती चालते का, ते आधी विचारावं. किंमत शिशापेक्षा चढी आहे, हे प्रवचनकार सांगणार नाहीत. ज्यांच्याकडे एरवी लाईट टिकते त्यांनी शिशाचीच ठेवावी, 15 अँपिअरवर, आणि महिन्याकाठी डिस्टिल्ड पाणी बघावं.