न्हाणीघरं नसलेला राजवाडा

सीएसएमटीसमोर उभं राहून ‘असं स्टेशन जगात दुसरं नाही’ असं मीही कैकदा म्हटलंय. मग लंडनचं सेंट पँक्रास पाहिलं आणि आपल्या स्टेशनाची थोरली बहीण भेटली. तोच गॉथिक थाट, तेच मनोरे. आपल्याकडे त्या दिमाखामागे रेल्वेची कचेरी, तिथे मात्र हॉटेल: १८७३ साली उघडलेलं ‘मिडलँड ग्रँड’.

वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं हात राखून काहीच केलं नाही. लाल विटांचा डोंगर, डोळे दिपवणारा दुहेरी जिना, पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट. खोल्या तीनेकशे. आणि न्हाणीघरं? बोटांवर मोजण्याइतकी! पाहुण्याला आंघोळीची हुक्की आली की नोकरानं खोलीत टब आणायचा, गरम पाणी वाहायचं, मग तेच पाणी उपसून खाली न्यायचं. नोकर स्वस्त होते तोवर हे खपलं. पुढे इतर हॉटेलं खोलीगणिक न्हाणीघर देऊ लागली. इथे नळ टाकायचे, तर आगीच्या धास्तीनं जाडजूड बांधलेले मजले फोडायला हवेत. १९३५मध्ये हॉटेलला टाळं लागलं.

मग त्यात रेल्वेच्या फायली राहायला आल्या. साठच्या दशकात पाडापाडीची भाषा सुरू झाली. शेजारच्या यूस्टन स्टेशनाची कमान तर तोवर जमीनदोस्त झालीच होती. कवी जॉन बेटजमन, वास्तुकलेचे इतिहासकार निकोलस पेव्हस्नर यांच्यासारखी माणसं ठाण मांडून बसली म्हणून १९६७ साली वास्तूला वारशाचं पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. बेटजमनचा पुतळा आज स्टेशनात आहे. पण संरक्षणानं इमारत पडली नाही, एवढंच. ऐंशीच्या दशकात कचेऱ्याही हलल्या. कारण? आगीपासून बचावाच्या नियमांत ती बसेना. त्या जाड मजल्यांनी याहून मोठी थट्टा काय करावी!

२००७मध्ये समुद्राखालच्या बोगद्यातून युरोपात जाणारी युरोस्टार रेल्वे इथे आली आणि २०११मध्ये हॉटेल पुन्हा उघडलं. बहुतेक खोल्या मात्र लगतच्या नव्या भागात, जुन्या वास्तूत मोजके स्वीट. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडावीत. मला ही तडजोड पटते. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या बैठकीत कमानींच्या रंगावर दोन-दोन तास खल चालतो. मी आताशा आधी नळजोडणीचा नकाशा मागतो. बहुतेक वेळा तो कोणी आणलेलाच नसतो.