शुभ्रतेचा हट्ट

दंतवैद्य मित्रांची क्षमा मागूनच हे लिहीत आहे, कारण बालरोगतज्ज्ञाने प्रौढांच्या दातांविषयी बोलणे म्हणजे परक्याच्या अंगणात शिरणेच होय.

मध्यंतरी एक माता आठ वर्षांच्या मुलास घेऊन आली. ताप, खोकला काही नव्हते. "डॉक्टर, दुधाचे दात कसे पांढरेशुभ्र होते, नवे मात्र पिवळे आले," एवढीच तक्रार. उपाय म्हणून दात पांढरे करणारी स्वतःची पेस्ट ती महिनाभर त्याला देत होती. वस्तुतः कायमचे दात पिवळसरच असतात. त्यांचे दंतवल्क, म्हणजे एनॅमल, अधिक पारदर्शक असते आणि आतल्या जाड दंतिनाचा पिवळा रंग त्यातून दिसतो. शेजारी दुधाचे दात असले की तो फरक डोळ्यांत भरतो, इतकेच.

मग तिने हळूच विचारले, "मला थंड पाणी सोसत नाही, मी कोणती वापरू?" खरा प्रश्न हा होता!

शुभ्रतेच्या पेस्टमधील सिलिका वा कॅल्शियम कार्बोनेट चहा, पान, तंबाखूचे वरवरचे डाग घासून काढते. दाताचा मूळ रंग ती बदलत नाही. आपल्या शेजारच्या धार-झाबुआ भागात पाण्यातील फ्लोराइडमुळे बालपणीच पडलेले डाग तर ती मुळीच काढू शकत नाही. उलट हिरड्या मागे सरून मूळ उघडे पडले असेल, तर तेथील मऊ दंतिन जोरजोराने घासल्याने झिजते. त्यातील सूक्ष्म नलिका उघड्या पडल्या की थंड पाण्याची कळ थेट मज्जातंतूपर्यंत पोहोचते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट तो तंतू शांत करते, पण त्यास नियमित वापराचे दोन ते चार आठवडे लागतात. आपण चौथ्या दिवशीच ती निरुपयोगी ठरवतो. काही जण तर सकाळी ही आणि रात्री ती वापरतात. म्हणजे एका हाताने मलम लावायचे आणि दुसऱ्याने खरवडायचे!

माझे मत स्पष्ट आहे. ठणका असेल तोवर शुभ्रतेचा नाद सोडावा, मऊ ब्रश घ्यावा आणि पेस्ट कोणतीही असो, नळीच्या मागील बाजूस फ्लोराइड लिहिले आहे का ते पाहावे. आपल्याकडे त्याची मर्यादा 1000 पीपीएम आहे. कित्येक 'वनौषधी' पेस्टमध्ये ते नसतेच. एकच दात दुखत असेल, गरम पदार्थाने आलेली कळ रेंगाळत असेल, अथवा महिनाभरात उतार पडला नाही, तर पेस्ट बदलत बसू नये. तेथे कीड वा भेग असू शकते आणि पेस्टने ती फक्त झाकली जाते.

त्या मातेला मी दंतवैद्याकडे धाडले. मुलासाठी वाटाण्याएवढी साधी फ्लोराइडयुक्त पेस्ट सांगितली. बाहेर पडताना तो चिरंजीव आरशात दात पाहत होता. त्याला पिवळेपणाचे काहीच वाटत नव्हते.