गाल भरण्याआधी तोंड उघडा

गेल्या उन्हाळ्यात बाजीच्या मुलाचं लग्न ठरलं आणि बाजीने आरसा टाळायला सुरुवात केली. ती चौपन्न वर्षांची. गालफडं बसलेली, ओठांच्या कडांपासून हनुवटीकडे उतरणाऱ्या रेघा, जबड्याखाली सैल कातडी. म्हणाली, "वलीम्याच्या फोटोत मी नवऱ्यामुलाची आई नाही, दादी दिसेन." भाचीने मोबाइलवर फिलरचे व्हिडिओ दाखवले. भाईजाननी ऐकताक्षणी निकाल दिला, हराम. मी शाळेत उर्दू-मराठी शिकवणारी, घरातली 'शिकलेली', म्हणून निर्णय माझ्या गळ्यात पडला.

आम्ही दोघी चांदवडहून नाशिकला एका दवाखान्यात गेलो. फोटो काढले, गालावर पेन्सिलीने खुणा केल्या, तीन सिरिंज लागतील म्हणाले, एकीचे बावीस हजार. सगळं पंधरा मिनिटांत. बाजीला तोंड उघडायला मात्र कुणी सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर दिसलं असतं की खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा नाहीत. दुखली की काढली, असं पंधरा वर्षं चाललं. त्या जागी दुसरे दात बसवायचे राहून गेले. मुलांच्या फिया, घराचे हप्ते, सासूबाईंचं औषधपाणी, आणि बाईच्या दाढेचा नंबर सगळ्यांत शेवटी. मलाही हे माहीत होतं. तरी दवाखान्यात बोलायचं सुचलं नाही, याची लाज वाटते.

चेहऱ्याचा खालचा भाग वयाने ओसरतो हे खरं. कातडी पातळ होते, चरबी कमी होते, खाली सरकते, हाडही झिजतं. पण दात काढला की त्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाड आणखी वेगाने झिजतं. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त, आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात अधिक. ओठ आणि गाल आतून दातांवर टेकलेले असतात. तो टेकू गेला की ते आत बसतात. सगळेच दात गेले तर नाक आणि हनुवटी एकमेकांजवळ येतात. आपण म्हणतो, तोंडाचं बोळकं झालं. आपल्या रंगमहालाचा खांब कलला असेल तर कुणी आधी भिंतीला गिलावा देत नाही.

फिलर वाईटच, असं माझं म्हणणं नाही. त्यात बहुधा हायल्युरोनिक आम्ल असतं. ते शरीरातही असतं आणि पाणी धरून ठेवतं. परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो, नको झाल्यास औषधाने विरघळवता येतो. स्वतःच्या पोटाची किंवा मांडीची चरबी काढून चेहऱ्यात भरता येते, पण तिच्यातली काही शरीर शोषून घेतं. कातडी फार लोंबली असेल तर शस्त्रक्रिया हाच उपाय. मात्र सुई रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम शिकलेल्या, नोंदणीकृत डॉक्टरचं आहे, पार्लरचं नव्हे. आणि कितीही सिरिंज टोचल्या तरी त्यांनी भाकरी चावता येत नाही.

आता भाईजानच्या 'हराम'बद्दल. फतवा देणं माझं काम नाही. पण हदीसमध्ये हजरत अरफजा (रजि.) यांची हकीकत आहे. लढाईत त्यांचं नाक गेलं. चांदीचं बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा हुजूर (स.) यांनी सोन्याचं बसवायला सांगितलं. पुरुषांना सोनं मना असूनही. दोष दुरुस्त करणं वेगळं आणि निव्वळ शोभेसाठी रूप बदलणं वेगळं, असा फरक बहुतेक आलिम करतात. मग पडलेल्या दाढेला आपण कशात मोजायचं? 'हराम' म्हणणाऱ्या घरात पंधरा वर्षं बाजीच्या दाढांची चौकशी कुणी केली नाही, हे मला जास्त खुपतं.

शेवटी आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो. हाड बऱ्यापैकी झिजलेलं होतं, म्हणून इम्प्लांट न करता काढता-घालता येणारी कवळी बनवली. पहिले पंधरा दिवस हिरड्या सोलल्या, बाजी रडली, दोनदा घासून आणली. बाजी तरुण झाली नाही. रेघा आहेत तिथेच आहेत. गाल थोडे भरले, बोलणं स्पष्ट झालं, आणि वलीम्याला तिने बोटी चावून खाल्ली. हाड झिजत राहील तशी कवळी पुन्हा बसवून घ्यावी लागेल, हेही तिला सांगितलंय.

आपल्या भागात अजूनही बायका सकाळी मिसरी लावतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्या वर्गातल्या मुलांच्या खिशात पुड्या सापडतात. सुपारीने तोंडच उघडेनासं झालं तर पुढे कवळीही बसवता येत नाही. मिस्वाकची ताकीद ज्या दीनने दिली, त्याच्या घरांत दात इतके बेवारस का?

फिलर करायचा तर जरूर विचार करा, कुणाला हसू नका. पण आधी अम्मीला, बाजीला, बायकोला एकदा तोंड उघडायला सांगा. आणि जे दिसेल त्याचा खर्च लग्नाच्या खर्चाआधी धरा.